होम थिएटरमधील ध्वनिपटाची पातळी
चित्रपटगृहासाठी तयार केलेला ध्वनिपट घरगुती साधनांवर ऐकताना त्याच्या आवाजात संकेतन पद्धतीनुसार पडणारा फरक व त्या फरकाची ऐतिहासिक कारणे. एकाच चित्रपटाची एकच तबकडी, आवाजाचे बटण न हलवता, प्रथम डॉल्बी डिजिटल व नंतर डीटीएस पद्धतीने ऐकल्यास दुसरा ध्वनिपट पुष्कळदा मोठा वाटतो. हा अनुभव डीव्हीडीच्या काळात अनेक श्रोत्यांना आला आणि त्यावरून दुसरी पद्धत सरस असल्याचे अनुमानही काढण्यात आले. हे अनुमान घाईचे होते. या फरकाचे मूळ बव्हंशी पद्धतीच्या गुणवत्तेत नसून, प्रमाण पातळी कोठे व कशी ठरवावी या प्रश्नात आहे.

हा प्रश्न प्रथम चित्रपटगृहात उद्‌भवला. बोलपटाच्या आरंभकाळात प्रत्येक चित्रपटगृहाचा ध्वनी निराळा असे. हॉलिवुडच्या अकॅडेमीने १९३८ मध्ये उच्च कंप्रता कितपत कमी कराव्यात याचा आलेख प्रमाण म्हणून ठरविला. त्यामुळे ध्वनीचा पोत काहीसा सारखा झाला. आवाज किती ठेवावा हे मात्र बहुतांशी प्रक्षेपण करणाऱ्याच्या कानावरच राहिले. यात खरा बदल १९७० नंतरच्या दशकात डॉल्बी प्रयोगशाळेच्या कार्यामुळे झाला. तिचे संस्थापक रे डॉल्बी (१९३३–२०१३) हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर लगेच, १९६५ मध्ये, त्यांनी लंडन येथे आपली कंपनी काढली. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणे हे तिचे मूळ काम होते. परंतु मिश्रणकक्ष व चित्रपटगृह यांची पातळी एकाच मापाने जुळविणे ही तिची कामगिरी कमी महत्त्वाची नाही. ठराविक चाचणी-ध्वनी लावला असता पडद्यामागील प्रत्येक ध्वनिक्षेपकाचा आवाज प्रेक्षकांच्या जागी ८५ डेसिबेल भरावा, असा संकेत रूढ झाला. डॉल्बी यंत्रावरील नियंत्रक ७ या अंकावर ठेवला की ही पातळी मिळे. दिग्दर्शकाने मिश्रणकक्षात ऐकलेली कुजबुज त्यामुळे दूरच्या गावातील प्रेक्षकालाही तेवढ्याच आवाजात ऐकू येणे, निदान तत्त्वतः, शक्य झाले.

फिल्मवरील प्रकाशीय ध्वनिपट्टीत या संदर्भपातळीच्या वर सु. ६ डेसिबेल एवढाच वाव होता. अंकीय ध्वनिपटांनी (डॉल्बी डिजिटल, १९९२, डीटीएस, १९९३) तो २० डेसिबेलवर नेला. म्हणजेच पडद्यामागील एकेका ध्वनिक्षेपकाचा आवाज १०५ डेसिबेलपर्यंत चढू शकला. मोकळीक मिळताच तिचा उपयोग सढळपणे होऊ लागला. विशेषतः आगामी चित्रपटांच्या जाहिराती कर्कश होत गेल्या. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, की प्रक्षेपण करणारा नियंत्रक खाली आणी. तो मूळ चित्रपटालाही तसाच राही आणि मग संवाद ऐकू येत नसत.

घरी तर असा ठरलेला अंकच नसतो. श्रोता आपल्या सोयीने, बहुधा चित्रपटगृहापेक्षा बऱ्याच कमी आवाजात ऐकतो. शिवाय आवाज कमी केला असता कानाला मंद्र स्वर अधिक प्रमाणात उणावलेले भासतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले होते. तेव्हा प्रमाण पातळीची सूचना ध्वनिपटातच अंकरूपाने घालण्याचा उपाय डॉल्बी डिजिटल पद्धतीत योजण्यात आला. त्यास संवाद-प्रमाणीकरण म्हणता येईल. सरासरी संवाद कमाल अंकीय पातळीच्या किती डेसिबेल खाली आहे, हे १ ते ३१ यांमधील एका अंकाने नोंदविले जाते. यंत्र तो अंक वाचून संपूर्ण ध्वनिपट असा उतरविते, की संवाद कमाल पातळीच्या ३१ डेसिबेल खाली यावा. अंक ३१ असल्यास काहीच बदल होत नाही. १५ असल्यास आवाज १६ डेसिबेलने उतरतो. बातम्या, नाटक व चित्रपट एकापाठोपाठ लागले तरी माणसाच्या बोलण्याचा आवाज सारखा राहावा, हा त्यामागील हेतू होय.

चित्रपटांच्या बाबतीत हा अंक बहुधा २७ असे. त्यामुळे डॉल्बी डिजिटल ध्वनिपट ४ डेसिबेलने उतरे. घरगुती डीटीएस पद्धतीत आरंभी अशी सूचना नव्हती व तिचा ध्वनिपट न उतरता वाजे. आवाज दुप्पट वाटण्यास सु. १० डेसिबेलची वाढ लागते. पण ४ डेसिबेलचा फरक कोणाच्याही लक्षात येतो. याहून लहान फरक तर आवाज वाढला असे न वाटता ध्वनी अधिक भरदार वा स्पष्ट झाला असे वाटून फसवितो. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, तर डीटीएसला सु. ७५४ किंवा १,५०९ किलोबिट मिळत. हा फरक वास्तव आहे; परंतु दोन्हींची पातळी आधी जुळविल्यावाचून त्याचा कानाने निवाडा करणे व्यर्थ होय. याचा निर्णायक पुरावा २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रे तबकडीने दिला. तिच्यावरील डॉल्बी ट्रूएचडी ध्वनिपटात मूळ माहितीतील काहीही गळत नाही. असंकोचित पीसीएम ध्वनिपटातही नाही. मूळ एकच असूनही, पहिल्यात संवाद-प्रमाणीकरणाचा अंक असल्याने तो लहान आवाजात वाजू शकतो. डीटीएसच्या पुढील आवृत्त्यांत अशी सूचना घालण्याची सोय झाली. ती नेहमी वापरली जातेच असे नाही.

अन्य कारणे गौण आहेत. चित्रपटगृहात डाव्या व उजव्या बाजूंचे परिसर-ध्वनिक्षेपक प्रत्येकी ८२ डेसिबेलवर जुळवितात, घरी मात्र सर्व ध्वनिक्षेपक एकाच पातळीवर असतात. म्हणून घरगुती प्रत काढताना परिसर-ध्वनी ३ डेसिबेलने उतरवावा लागतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाला अँटेनाच्या खोबणीतून जोडलेले यंत्र संवाद ११ डेसिबेलने चढवून मोठे आवाज दाबून टाकी. रात्री ऐकण्यासाठी असलेली सोयही चढउतार असाच आकसून घेते.

प्रसारणाच्या क्षेत्रात पुढे स्वतंत्र माप आले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रबलता मोजण्याची रीत ठरविली. तिच्या आधारे यूरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये सबंध कार्यक्रमाची सरासरी उणे २३ एकके ठेवण्याची शिफारस केली. अमेरिकेत त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या आवाजाला आळा घालणारा कायदा झाला व तो २०१२ च्या डिसेंबरात लागू झाला. इंटरनेटवरून चित्रपट पुरविणाऱ्या नेटफ्लिक्सने मात्र सबंध कार्यक्रमाऐवजी केवळ संवाद मोजून तो उणे २७ एककांच्या आसपास ठेवण्याचा दंडक घातला. हा आकडा चित्रपटांसाठी संवाद-प्रमाणीकरणात रूढ झालेला जुनाच अंक होय.