गोजिरा (१९५४ चित्रपट) : प्रेक्षक व समीक्षकांचा प्रतिसाद

गोजिरा हा ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला महाकाय प्राण्यावरील जपानी चित्रपट आहे. इंग्लिशभाषक जगात व भारतात तो गॉडझिला या नावाने ओळखला जातो. तोहो या चित्रपटसंस्थेची ही निर्मिती असून दिग्दर्शक इशिरो होन्डा, निर्माते तोमोयुकी तानाका, विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया आणि संगीतकार अकिरा इफुकुबे हे होते. जपानमध्ये या चित्रपटाची सुमारे ९६ लाख तिकिटे विकली गेली. मात्र जपानी समीक्षकांनी त्याचे स्वागत थंडपणे केले, तर परदेशी प्रेक्षकांपर्यंत तो बराच काळ बदललेल्या स्वरूपातच पोहोचला. त्यामुळे एकाच चित्रपटाला देश व काळ यांनुसार अतिशय भिन्न प्रतिसाद मिळाल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

== पार्श्वभूमी ==

‘गोजिरा’ हे नाव ‘गोरिरा’ (गोरिला) आणि ‘कुजिरा’ (देवमासा) या दोन जपानी शब्दांच्या संयोगातून तयार झाले. १९३३ सालचा ‘किंग काँग’ हा अमेरिकन चित्रपट १९५२ मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन यशस्वी ठरला होता. १९५३ मध्ये अणुस्फोटाने जागृत झालेल्या प्रागैतिहासिक प्राण्यावरील ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ हा चित्रपटही आला. निर्मितीमागील व्यावसायिक प्रेरणा या चित्रपटांच्या यशात होती. परंतु जपानी प्रेक्षकांसाठी विषयाचा संदर्भ अधिक जवळचा होता.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ या हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. घोषित धोकाक्षेत्राच्या बाहेर असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली आणि तिच्यावरील सर्व २३ जणांना किरणोत्सर्गाची बाधा झाली. नौकेचे बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा यांचा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मृत्यू झाला. दूषित ट्यूना मासे नष्ट करावे लागले आणि किरणोत्सारी पावसाची धास्ती देशभर पसरली. तोक्योच्या सुगिनामी भागातून जोर धरलेल्या अण्वस्त्रविरोधी सह्यांच्या मोहिमेत पुढे ३ कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या. कुबोयामा यांच्या मृत्यूनंतर सहाच आठवड्यांनी ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला.

दोस्त राष्ट्रांचा जपानवरील ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला होता. त्या काळातील नियंत्रणामुळे अणुबाँबच्या परिणामांविषयी उघडपणे बोलण्यास फारसा वाव नव्हता. स्वतः होन्डा हे युद्धात सैनिक होते. १९४६ मध्ये चीनमधून मायदेशी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. किरणोत्सर्गाला डोळ्यांना दिसणारे रूप द्यावे, हा चित्रपटामागील आपला हेतू असल्याचे त्यांनी पुढे सांगितले.

== प्रेक्षकांना परिचित असलेले प्रसंग ==

चित्रपटाच्या आरंभी समुद्रात अचानक तेजस्वी झोत उठतो आणि एक नौका जळून बुडते. १९५४ च्या प्रेक्षकाला या दृश्याचा संदर्भ सांगण्याची गरज नव्हती. पुढे उपनगरी रेल्वेतील एका संभाषणात दूषित ट्यूना व किरणोत्सारी पाऊस यांचा उल्लेख येतो. नागासाकीतून आपण कसेबसे वाचलो आणि आता हे नवे संकट उभे राहिले, असे त्यातील तरुणी वैतागून म्हणते.

गोजिराच्या हल्ल्यात तोक्यो शहर आगीत वेढले जाते. ९ व १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या बाँबहल्ल्यात याच शहरातील सुमारे १ लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते. त्या घटनेला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. जळत्या गिंझा भागात आपल्या मुलांना कवटाळून बसलेली एक स्त्री, आपण लवकरच बाबांकडे जाणार आहोत, असे त्यांना सांगते. मुलांचे वडील हयात नाहीत, एवढेच त्यावरून समजते. हल्ल्यानंतरच्या दृश्यांत जखमींनी भरलेली रुग्णालये आणि लहान मुलाच्या अंगाजवळ धरलेले किरणोत्सर्गमापक यंत्र दिसते. शाळकरी मुलींच्या समूहाने गायिलेले शांततेचे प्रार्थनागीत हा कथेला कलाटणी देणारा प्रसंग आहे. ते ऐकून व विध्वंसाची दृश्ये पाहून शास्त्रज्ञ सेरिझावा आपले भयंकर अस्त्र वापरण्यास तयार होतो; मात्र त्याचे रहस्य कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही प्राण देतो.

== जपानमधील प्रदर्शन ==

प्रदर्शनापूर्वी ही कथा रेडिओवरून मालिकारूपाने प्रसारित झाल्याने लोकांचे कुतूहल वाढले होते. २७ ऑक्टोबर १९५४ रोजी चित्रपट प्रथम नागोया येथे दाखवण्यात आला आणि त्यानंतर देशभर प्रदर्शित झाला. त्या वेळी जपानची लोकसंख्या सुमारे ८ कोटी ८० लाख होती, हे लक्षात घेता सुमारे ९६ लाख तिकिटांची विक्री हे मोठे यश होते.

काही प्रेक्षक चित्रपटगृहातून रडत बाहेर पडल्याच्या आठवणी नमूद आहेत. नायक ओगाताची भूमिका करणारे अकिरा ताकारादा यांनी, पहिल्या खेळाच्या वेळी आपल्यालाही अश्रू आवरले नाहीत, असे पुढे अनेकदा सांगितले. गोजिरा स्वतः दुष्ट नव्हता, माणसाच्या कृत्याने तो तसा झाला, त्यामुळे त्याच्या मृत्यूचे दुःख वाटले, असे त्यांचे म्हणणे होते. प्राण्याची भीती आणि त्याच्याविषयीची कणव या दोन्ही भावना एकाच वेळी जागवणे हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य पुढील अभ्यासकांनीही नोंदवले आहे.

== जपानी समीक्षकांचे मत ==

वृत्तपत्रीय समीक्षा संमिश्र, बऱ्याच अंशी प्रतिकूल होती. मासेमारी नौकेच्या ताज्या शोकांतिकेचा मनोरंजनासाठी वापर केल्याचा आरोप काहींनी केला. काहींना मुखातून अग्निझोत सोडणारा प्राणी हास्यास्पद वाटला. जिवंत नटाने रबरी पोशाख घालून लहान प्रतिकृतींमध्ये वावरण्याचे तंत्र त्सुबुराया यांनी वापरले होते. पोशाखातील मुख्य नट हारुओ नाकाजिमा होते. या तंत्राचे मात्र कौतुक झाले आणि चित्रपटाला विशेष दृश्यांसाठी तंत्रविषयक पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी तोहोचाच ‘सेव्हन सामुराई’ आणि शोचिकू संस्थेचा ‘ट्वेंटी-फोर आइज’ प्रदर्शित झाले होते. गंभीर कलाकृती म्हणून समीक्षकांचे लक्ष अशा चित्रपटांकडे होते. ‘सेव्हन सामुराई’मधील प्रमुख नट ताकाशी शिमुरा यांनीच ‘गोजिरा’त पुराजीवशास्त्रज्ञ यामाने यांची भूमिका केली, तरीही या चित्रपटाची गणना करमणुकीच्या वर्गात झाली. मायदेशातील समीक्षकांनी चित्रपट समजून घेतला नाही, ही खंत होन्डा यांनी पुढे व्यक्त केली.

== अमेरिकेतील आवृत्ती ==

अमेरिकेत हा चित्रपट २७ एप्रिल १९५६ रोजी ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ या नावाने प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा होता, तर ही आवृत्ती सुमारे ८० मिनिटांची होती. रेमंड बर यांनी साकारलेल्या स्टीव्ह मार्टिन या अमेरिकन वार्ताहराची दृश्ये नव्याने चित्रित करून तिच्यात जोडण्यात आली. रेल्वेतील नागासाकीचा उल्लेख आणि संकटाचे कारण लोकांना सांगावे की नाही यावरून संसदेत झालेला वाद वगळण्यात आला. अणुचाचण्या चालूच राहिल्या तर आणखी एखादा गोजिरा प्रकट होईल, हा यामाने यांचा अखेरचा इशारा मूळ चित्रपटाचा शेवट आहे. अमेरिकन आवृत्ती मात्र संकट टळल्याच्या सुटकेवर संपते.

या आवृत्तीने व्यावसायिक यश मिळवले. तरी ‘द न्यू यॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी तिची खिल्ली उडवली. अनेक देशांत हीच आवृत्ती पोहोचल्याने गोजिरा म्हणजे शहरे तुडवणारा कचकड्याचा राक्षस, अशी प्रतिमा तेथे रूढ झाली. १९५७ मध्ये ही आवृत्ती जपानमध्येही प्रदर्शित करण्यात आली.

== बालप्रेक्षक आणि बदललेली प्रतिमा ==

१९६२ सालच्या ‘किंग काँग विरुद्ध गोजिरा’ या रंगीत चित्रपटाला जपानमध्ये १ कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. त्याचा सूर विनोदी होता. १९६० च्या दशकात गोजिरा हळूहळू पृथ्वीचा रक्षक बनला आणि १९६७ च्या चित्रपटात त्याचे पिल्लूही दाखवले गेले. १९६९ पासून तोहोने शालेय सुट्ट्यांमध्ये मुलांसाठी ‘चॅम्पियन फेस्टिव्हल’ हे खेळ सुरू केले. या पिढीने गोजिराला भीतीऐवजी जिव्हाळ्याने पाहिले. परिणामी १९५४ च्या चित्रपटाची मूळ उदासी विस्मरणात गेली.

== पुनर्मूल्यांकन ==

सुसान सोन्टॅग यांनी १९६५ च्या एका निबंधात विज्ञानपटांतील विध्वंसाचा विचार करताना, अशा जपानी चित्रपटांमागे अण्वस्त्रांचा सामूहिक आघात असल्याचे नोंदवले. १९८७ मध्ये चॉन नोरिएगा यांनी जपानी व अमेरिकन राक्षसपटांची तुलना करून गोजिराचा अर्थ जपानच्या इतिहासाच्या आधारे लावण्याचा आग्रह धरला. जपानी समीक्षक साबुरो कावामोतो यांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते समुद्रातून तोक्योकडे येणारा गोजिरा हा युद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या सैनिकांचे रूप आहे. अशा वाचनामुळे अणुबाँबविरोधी रूपक या एकाच अर्थापलीकडे चर्चा गेली.

२००४ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण होताना, मूळ जपानी आवृत्ती अमेरिकेतील चित्रपटगृहांत झळकली. अनेक समीक्षकांनी तिच्या गांभीर्याची दखल घेतली. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या काहींचे मत मात्र प्रतिकूलच राहिले.

== नंतरच्या चित्रपटांवरील प्रभाव ==

प्रेक्षकांची गोजिराविषयीची अपेक्षा पुढील चित्रपटांच्या स्वागतातही दिसते. रोलँड एमेरिक दिग्दर्शित १९९८ च्या अमेरिकन ‘गॉडझिला’तील प्राणी क्षेपणास्त्रांनी मारला जाणारा मोठा सरडा वाटल्याने जुने चाहते नाराज झाले. तोहोने पुढे त्या प्राण्याला ‘झिला’ असे वेगळे नाव देऊन २००४ च्या आपल्या चित्रपटात मूळ गोजिराकडून त्याचा पराभव दाखवला.

हिदेआकी आन्नो व शिंजी हिगुची यांच्या ‘शिन गोजिरा’ (२०१६) मध्ये शासकीय बैठकांत अडकलेली यंत्रणा दाखवली आहे. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुदुर्घटना अनुभवलेल्या जपानी प्रेक्षकांना तिचा रोख तत्काळ कळला. या चित्रपटाला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांना मोठ्याने घोषणा व दाद देण्याची मुभा असलेले त्याचे विशेष खेळही झाले.

युद्धोत्तर तोक्योत घडणारा ताकाशी यामाझाकी यांचा ‘गॉडझिला मायनस वन’ ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे मूळ चित्रपटाच्याच तारखेला प्रदर्शित झाला. अमेरिकेत तो जपानी भाषेतच, उपशीर्षकांसह दाखवण्यात आला आणि तेथे मोठी कमाई करणाऱ्या जपानी चित्रपटांत गणला गेला. २०२४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट दृश्य परिणामांचा ऑस्कर मिळाला. १९५६ मध्ये अमेरिकन वार्ताहराच्या मध्यस्थीने सांगितली गेलेली कथा या वेळी तेथील प्रेक्षकांनी थेट जपानी पात्रांच्या तोंडून ऐकली.