फळे-भाज्यांची प्रत : वाण आणि भूमी (पनवेल परिसर)

फळाचा स्वाद, वास, गराचा पोत आणि टिकाऊपणा मिळून त्याची प्रत ठरते. ती कुठवर जाऊ शकेल हे वाणावर अवलंबून असते. तिथवर पोचते की नाही, हे जमीन, ओल, ऊन आणि काढणीची वेळ ठरवतात. पनवेल तालुक्यात हे हापूस आणि वाल या दोन पिकांत स्पष्ट दिसते.

हापूसची लागवड कलमांनी होते. त्यामुळे देवगडचे झाड आणि पनवेलचे झाड वंशाने जवळजवळ एकच. फळांत पडतो तो फरक मुख्यतः जागेचा. दक्षिण कोकणात जांभ्याच्या कातळावरचा आंबा आधी तयार होतो. पनवेलसह रायगडचा मागाहून येतो, म्हणून त्याला फळमाशी आणि वळवाचा पाऊस यांचा धोका अधिक. २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचही जिल्हे आहेत. देवगड-रत्नागिरीचे नाव नाही म्हणून रायगडचा आंबा न चाखताच कमी लेखणे अन्यायाचे आहे.

हापूसचा मोठा दोष म्हणजे साका. बाहेरून फळ निर्दोष, कापल्यावर मात्र कोयीलगतचा गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. तापलेल्या जमिनीची झळ हे याचे एक कारण मानले जाते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास साका कमी आढळतो. फळात असतानाच कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि गरातला साठा ओढते, असे अलीकडचे संशोधन सांगते. फळ झाडावर पूर्ण पिकू दिले की दोष वाढतो. म्हणून जाणते बागायतदार चौदा आणे तयार फळ देठासह उतरवून पेंढ्याच्या आढीत पिकवतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ (१९८१) या वाणात साका होत नाही. वासात मात्र हापूसच सरस, हे मान्य करावे लागते.

कडव्या वालाची गोष्ट निराळी. भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर तो वाढतो. पाण्याची पाळी सहसा द्यावी लागत नाही. पेरणी लांबली तर ओल आटते आणि शेंगा पोचट राहतात. दाणा भरलेल्या कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून, पाण्याचा थेंबही न टाकता पोपटी भाजतात. शेंगेचा अंगचा रस असल्याशिवाय ती साधत नाही.

खाडीकाठच्या खार जमिनीत मात्र भातामागून वाल ही जोडणी तुटते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भातवाण क्षार सोसतात, शिवाय पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन खाली नेतो. पाऊस सरला की ओलीबरोबर तेच मीठ वर चढते, आणि त्या खाचरात वाल धरत नाही.