भावाच्या पेटींतील तबकड्या

खानदेशच्या पश्चिम भागांत, कान नदीच्या कांठीं वसलेल्या साक्रीला आगगाडी आली नाहीं. चाळीसगावहून फुटलेली शाखा १९०० सालीं धुळ्यापर्यंत पोंचली आणि तेथेंच थांबली. गाणें मात्र तेथें थांबलें नाहीं. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. पेटी बैलगाडींतून नेतां येई आणि तबकड्या ट्रंकेंत कपड्यांच्या घडींत ठेवतां येत. ज्या गावीं नामांकित गवयाची बैठक कधीं झाली नाहीं, तेथेंहि त्याचा आवाज ओसरीवर ऐकूं येणें त्यामुळें शक्य झालें.

अशा गावांतील एका घराची कल्पना करावी. थोरला भाऊ पुण्यास शिकावयास होता. सुटीला येतांना एक-दोन तबकड्या आणीत असे. पुढें नोकरीनिमित्त तो दूर गेला आणि पेटी घरींच राहिली. धाकट्या बहिणीनें ती उघडली म्हणजे तिच्या दृष्टीस प्रथम काय पडेल? कांहीं तबकड्या करड्या झालेल्या, तर कांहीं काळ्याभोर आणि चकचकीत. पोलादी पिन प्रत्येक वेळीं खांचेच्या भिंती थोड्या झिजवीत जाते. करडी तबकडी म्हणजे भावाची लाडकी. चकचकीत म्हणजे एकदां लावून बाजूस ठेवलेली. ज्या गाण्याला कोणी फारसें विचारलें नाहीं, तेंच सर्वांत शाबूत राहिलें! उपेक्षेनेंच त्याची राखण केली.

या पेटीचा अर्थ कळण्यास थोडें मागें जावें लागतें. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत. तासभर विस्तारणारा ख्याल तेवढ्यांत बसवावयाचा, म्हणजे गवयास आपल्या विद्येचें सारच काढून ठेवावें लागे. १९२५ पर्यंत विजेचें ध्वनिमुद्रण नव्हतें. कर्ण्यासमोर उभें राहून मोठ्यानें गावें लागे. ज्यांचा आवाज या यंत्रास मानवला आणि ज्यांचें गाणें बाजारास रुचलें, त्यांच्या तबकड्या पुनःपुन्हा निघाल्या. बाकीच्यांचें काय झालें, तें याच शतकांतील एका मराठी कुटुंबाच्या उदाहरणावरून दिसतें.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांचीं पांच मुलें गाण्यांत वाढलीं. त्यांपैकीं सुरेशबाबूंचा जन्म १९०२ चा, हिराबाई बडोदेकरांचा १९०५ चा आणि सरस्वतीबाई राणे यांचा १९१३ चा. खाँसाहेब आणि ताराबाई विभक्त झाल्यावर मुलें आईजवळ राहिलीं. खाँसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवरून देशभर गेली. बालपणीं त्यांची तबकडी ऐकून गाण्याच्या वेडानें घर सोडणारे भीमसेन जोशी सर्वांना ठाऊकच आहेत. हिराबाईंच्या तबकड्या महाराष्ट्रांत घरोघर वाजल्या. १९७० सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटांतील गीतानें सरस्वतीबाईंचा आवाज सर्वतोमुखीं झाला.

आणि सुरेशबाबू? त्यांच्या नांवाच्या तबकड्या थोड्या. १९५३ सालीं, ऐन पन्नाशींत, ते गेले. पण हिराबाईंच्या गाण्यांत जो संथ, शांत आलाप ऐकूं येतो, त्याच्या शिक्षणांत या थोरल्या भावाचा मोठा वाटा होता. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांनीं त्यांच्यापाशीं शिक्षण घेतलें; वसंतराव देशपांडे यांनाहि त्यांचें मार्गदर्शन लाभलें. ज्यांचीं गाणीं महाराष्ट्राच्या कानांत बसलीं, त्यांच्यामागें हा एक जवळजवळ अमुद्रित गवई उभा आहे. केवळ तबकड्यांच्या संख्येवरून इतिहास लिहिला, तर सुरेशबाबू एका ओळींत संपतील. शिष्यांच्या कंठांतून तो लिहिला, तर त्यांना निराळें प्रकरण द्यावें लागेल.

म्हणूनच साक्रीच्या त्या घरांतील चकचकीत तबकडीचें मोल लहान नाहीं. हिराबाईंचें गाणें आवडून पेटी धुंडाळणाऱ्या बहिणीच्या हातीं सुरेशबाबूंची तबकडी लागली, तर बहिणीच्या गळ्यांतून भावाच्या विद्येकडे जाणारी वाट तिला आपोआप सांपडेल. आणि ती वाट दाखविणारा तिचा स्वतःचा भाऊच असेल, जरी त्यानें ती तबकडी दुसऱ्यांदां लावली नसली तरी.

धोका एवढाच कीं, लाखेची ही वस्तु हातांतून पडली कीं फुटते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भारतांत १९७० च्या सुमारास निघावयाच्या थांबल्या. मग यंत्रें मोडीत गेलीं आणि पेट्या माळ्यावर. घर बदलतांना प्रथम टाकून दिल्या जातात त्या अनोळखी नांवांच्या तबकड्या. मुंबईंत १९९० सालीं संग्राहकांनीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापिली आणि अशा तबकड्यांची नोंद व जपणूक यांस वळण लाविलें. परंतु संस्थेच्या हातीं तेंच येतें, जें घरांतून शाबूत बाहेर पडतें.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मागें त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभें राहिलें. देवघरांतील आणि माळ्यावरील जुनीं दप्तरें म्हणजे इतिहास, हें राजवाड्यांनीं महाराष्ट्रास शिकविलें. तबकड्यांची पेटी हेंहि एक दप्तरच आहे. तें भंगारवाल्याच्या हातीं देण्यापूर्वीं करड्या तबकड्या खुशाल बाजूस ठेवाव्या. त्या सर्वांनीं ऐकल्याच आहेत. काळीभोर मात्र एकदां लावून पाहावी.