देव न मानणाऱ्या पाळकाची चौकशी

टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या वेस्ट हिल युनायटेड चर्चच्या पाळक ग्रेटा व्हॉस्पर यांची २०१५ ते २०१८ या काळात चौकशी चालली. तिचे महत्त्वाचे कागद उघड आहेत : व्हॉस्पर यांचं खुलं पत्र, सरचिटणीसांचा निर्णय, समितीचा अहवाल आणि शेवटचं निवेदन. देव नाकारणारा माणूस ख्रिस्ती म्हणवू शकतो का, असा वाद त्या काळात जगभर रंगला. कागद तारीखवार वाचले, तर हा प्रश्न चर्चने कधी निकालाला घेतलाच नव्हता, असं दिसतं.

७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’च्या कचेरीवर हल्ला झाला. वेस्ट हिल ज्या पंथात मोडतं त्या युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचे तेव्हाचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, गॅरी पॅटरसन यांनी त्यानिमित्त प्रार्थना प्रसिद्ध केली. हिंसेसाठी देवाचाच आधार घेतला जात असताना आपणही त्याच देवाला हाक मारावी, हे व्हॉस्पर यांना पटलं नाही आणि त्यांनी मॉडरेटरना जाहीर पत्र लिहिलं.

व्हॉस्पर यांची मतं लपलेली नव्हती. २००८ मध्ये त्यांचं ‘विथ ऑर विदाउट गॉड’ हे पुस्तक आलं. त्याच सुमारास वेस्ट हिलच्या उपासनेतून प्रभूची प्रार्थना गेली आणि पुष्कळजण मंडळी सोडून गेले. २०१३ पासून त्या स्वतःला नास्तिक म्हणवत होत्या. चर्चने हे इतकी वर्षं चालू दिलं, याचं मूळ त्याच्या घडणीत आहे. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२५ मध्ये एकत्र आल्या, तेव्हा पाळकाने विश्वासाच्या कलमांशी सारतः सहमत असावं, एवढंच ठरलं. १९९७ मध्ये मॉडरेटर बिल फिप्स यांनी, येशू देव होता असं आपण मानत नाही, असं वृत्तपत्राला सांगितलं, तरी त्यांचं पद राहिलं.

मे २०१५ मध्ये चर्चच्या सरचिटणीस नोरा सँडर्स यांनी अशा पाळकाच्या चौकशीची वाट काढून दिली. पाळकाची कार्यक्षमता तपासण्याची पद्धत चर्चमध्ये होतीच. पाळकपदाच्या दीक्षेच्या वेळचे प्रश्न पाळकाला पुन्हा विचारावेत, आणि उत्तरं जुळली नाहीत तर तो सेवेला योग्य नाही, म्हणून कार्यक्षमही नाही, असं धरावं, असा निर्णय त्यांनी दिला. माझ्या मते ही ओढाताण होती. श्रद्धेचा वाद कामकाजाच्या नियमात बसवल्याने तो उघडपणे लढलाच गेला नाही. व्हॉस्पर यांचं अपील मार्च २०१६ मध्ये फेटाळलं गेलं.

त्या प्रश्नांतला पहिला थेट आहे : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा देवावर तुमचा विश्वास आहे का? १९९३ मध्ये दीक्षा घेताना व्हॉस्पर यांनी होकार दिला होता. तो रूपकाच्या अर्थाने होता, असं त्यांनी पुढे सांगितलं. २०१६ मध्ये त्यांना रूपकाचा आडोसा घ्यायचा नव्हता. त्यांचा हा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण जुना होकार तसाच पुन्हा दिला असता, तर प्रकरण कदाचित तिथेच मिटलं असतं. सप्टेंबर २०१६ मध्ये चौकशी करणाऱ्या समितीने १९ विरुद्ध ४ मतांनी त्या सेवेला योग्य नसल्याचं म्हटलं. त्या त्रैक्य मानत नाहीत, पवित्र शास्त्राला अग्रस्थान देत नाहीत आणि संस्कारविधी करणार नाहीत, ही बहुमताची कारणं. दिलेलं वचन पाळण्याच्या कसोटीवर हा निष्कर्ष मला योग्य वाटतो. मात्र ही कसोटी पाळकापुरती होती. देव न मानता वेस्ट हिलच्या बाकांवर बसणाऱ्यांचं ख्रिस्तीपण तिच्या कक्षेत येतच नव्हतं.

औपचारिक सुनावणी व्हायची होती. ती होण्याआधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड जाहीर केली. अटी गोपनीय राहिल्या आणि व्हॉस्पर पाळक राहिल्या. युनायटेड चर्चने आपली देवावरची श्रद्धा यामुळे बदलत नाही, असं स्पष्ट केलं. हा शेवट सलोख्याचा असला, तरी मला तो अन्यायाचा वाटतो, आणि तो दोन्ही बाजूंवर. एकोणीस जणांनी आपली कारणं लिहून दिली होती, व्हॉस्पर यांनीही आपलं उत्तर उघडपणे मांडलं होतं. तडजोडीच्या निवेदनात यांपैकी कशाचाच निवाडा नाही.