‘कुंकू’चा शेवट : एक न पटणारी गोष्ट

साहित्याच्या अभ्यासकाने चित्रपटाच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत आपल्या विद्वत्क्षेत्रात दीर्घकाळ नांदत होती. नाटक हे साहित्य, कादंबरी हे साहित्य, चित्रपट मात्र करमणूक, असा हा हिशेब होता. परंतु काही बोलपटांनी मराठी मनाला जे प्रश्न घातले, ते आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी घातलेल्या प्रश्नांचेच पुढचे पाऊल होते. अशा बोलपटांत ‘कुंकू’ याची गणना प्रथम करावी लागेल. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने सन १९३७ मध्ये तो काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथा व संवाद नारायण हरी आपटे यांचे. आणि आधार आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा. हिंदीत तोच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. या चित्रपटाच्या शेवटाचा अर्थ काय, आणि त्याविषयी एकमत का होत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कथानक थोडक्यात असे. नीरा ही अनाथ, शिकलेली, मानी मुलगी. तिचा मामा तिला फसवून काकासाहेब नावाच्या वृद्ध, विधुर वकिलाशी तिचे लग्न लावून देतो. लग्न लागते, परंतु नीरा या माणसाला पती मानण्यास साफ नकार देते. ती घर सोडून पळत नाही, विहीर जवळ करीत नाही, नशिबाला बोल लावून कामालाही लागत नाही. त्याच घरात राहून ती हा नकार रोज नव्याने उच्चारते. काकासाहेबांचा तरुण मुलगा तिच्याशी अतिप्रसंग करू पाहतो, तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. समाजकार्य करणाऱ्या एका सुविद्य स्त्रीचा तिला आधार मिळतो. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. हळूहळू काकासाहेबांना आपल्या कृत्याची जाणीव होते. शेवटी ते एक पत्र लिहून ठेवतात, नीरेने योग्य वराशी पुन्हा विवाह करावा अशी इच्छा व्यक्त करतात, आणि स्वतः जीवनाचा अंत करतात. नीरेचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही.

या शेवटाचे दोन अर्थ करता येतात, आणि दोन्ही अर्थ करणारे वाचक-प्रेक्षक आपल्यात आहेत. पहिला अर्थ असा की, हा नीरेचा विजय होय. तिच्या सत्याग्रहाने एका वृद्धाचे मन पालटले आणि ज्याने बंधन घातले त्यानेच ते सोडविले. दुसरा अर्थ याच्या उलट आहे. जिने चित्रपटभर लढा दिला, तिच्या हातून शेवटचा निर्णय काढून घेतला गेला. मामाने तिचे लग्न ठरविले होते. आता तिची मुक्तताही पतीच ठरवितो, आणि दुसरे लग्न करण्याची सूचनाही त्याचीच. शिवाय पतीच्या मृत्यूबरोबर तिच्या वाट्यास जे येते त्याला समाज वैधव्य म्हणतो, स्वातंत्र्य म्हणत नाही.

या दोन अर्थांतून निवड करण्यापूर्वी मराठी साहित्यातील शेवटांची एक परंपरा आठवणे आवश्यक आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत नायिकेला वैधव्य येते आणि पुनर्विवाहाने तिची कथा पुढे सरकते. परंतु त्यासाठी तिला धर्मांतर करावे लागते. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत (सन १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः) यमूचे वैधव्य ही तिच्या छळाची परिसीमा ठरते. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकात वृद्धाशी होणारे लग्न मांडवातच मोडते, कारण वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे उघडकीस येते. तेथे शारदेला वाचविते ते शास्त्र. अन्याय हे काही विवाह मोडण्याचे कारण ठरत नाही. देवलांनी हा प्रसंग मोठ्या कौशल्याने रचला आहे, परंतु त्याने एक प्रश्न बाजूस राहिला. गोत्र जुळले असते तर? अंतरपाट दूर झाला असता, अक्षता पडल्या असत्या, तर शारदेने पुढे काय करावयाचे होते?

आमच्या मते ‘कुंकू’ हे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. ‘शारदा’ नाटक जेथे संपते, त्याच्या पलीकडे हा चित्रपट सुरू होतो. येथे मांडव मोडत नाही, लग्न लागून जाते. आणि त्यानंतर नीरेला कोणत्याही शास्त्राचा आधार उरत नाही.

शास्त्र नाही तर कायदा तरी होता काय? हा मुद्दा समीक्षेत फारसा विचारात घेतला जात नाही. परंतु शेवटाचे कोडे उलगडण्याची किल्ली आम्हांस येथेच दिसते. सन १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध झाला होता. पुढे सन १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह करून हा कायदा आपल्या आचरणात आणला. परंतु पतीच्या हयातीत त्याच्यापासून मुक्त होण्याची सोय मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीस सर्वसाधारण कायद्याने नव्हती. रखमाबाईंच्या खटल्यात हे सर्वांच्या ध्यानी आले होते. बालपणी लागलेले लग्न मान्य नाही असे म्हणणाऱ्या रखमाबाईंना मुंबईच्या न्यायालयाने सन १८८७ मध्ये, पतीकडे नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले. सन १८८८ मध्ये तडजोड होऊन ते प्रकरण मिटले, परंतु कायदा होता तेथेच राहिला. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो सन १९४७ मध्ये. आणि देशपातळीवर हिंदू विवाह कायदा आला तो सन १९५५ मध्ये.

म्हणजे ‘कुंकू’ पडद्यावर आला त्या वर्षी कायद्याची स्थिती अशी होती : विधवा पुन्हा लग्न करू शकत होती, पत्नी पतीला सोडू शकत नव्हती. नको असलेल्या विवाहातून दुसऱ्या विवाहाकडे जाणारी वाट पतीच्या मृत्यूवरूनच जात होती. काकासाहेब हे व्यवसायाने वकील आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. हृदयपरिवर्तन झाले तरी ‘तू मुक्त आहेस’ एवढे बोलून ते नीरेस मुक्त करू शकत नाहीत, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ज्याला आपण भावविवशतेचा आत्मघात म्हणतो, त्यात कायद्याचा हा कठोर हिशेब दडलेला आहे. वृद्धाच्या पश्चात्तापाला वैध रूप देण्याचा दुसरा मार्गच त्या काळी उपलब्ध नव्हता.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. हे बंधन साऱ्या मराठी समाजाचे नव्हते. अनेक जातींत काडीमोड आणि पाट या रूढी पूर्वापार चालत आल्या होत्या, आणि न्यायालयेही रूढी सिद्ध झाल्यास त्या मान्य करीत. नीरेच्या भोवतीची भिंत प्रामुख्याने पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांची होती. आपल्या कादंबरीने व बोलपटाने ही भिंत म्हणजे सर्व स्त्रियांची भिंत मानली. शेतात राबणाऱ्या घरांतील स्त्रियांनी ही वाट केव्हाच मोकळी ठेवली होती, याची नोंद त्यांनी घेतली नाही. ‘कुंकू’वर जे आक्षेप घेता येतील, त्यांपैकी हा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो.

आता चित्रपटाच्या रचनेकडे वळू. मनोविश्लेषणाचा कोणताही सिद्धांत न सांगता हा चित्रपट मनाचे व्यापार दाखवितो. मिशांना कलप लावणारे काकासाहेब, त्यांच्या घरातील जुने घड्याळ आणि फुटलेल्या आरशात त्यांना दिसणारी स्वतःचीच अनेक प्रतिबिंबे, या साध्या घरगुती वस्तूंतून एका म्हाताऱ्या मनातील अपराधाची बोच प्रकट होते. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिले नाही. प्रेक्षक ज्याचा तिरस्कार करावयास बसतो, त्याचीच कीव करीत उठतो. शेवटाच्या संदिग्धतेचे एक कारण या अभिनयातही आहे. शांता आपटे यांनी रंगविलेल्या नीरेचे तेज आणि दात्यांच्या काकासाहेबांची व्यथा या दोहोंचे पारडे इतके सारखे राहते की शोकांतिका नेमकी कोणाची, हे ठरविणे कठीण होते.

दुसरी गोष्ट ध्वनीची. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे येतील तेवढेच ऐकू येतात. केशवराव भोळे यांनी दिलेल्या चालीही प्रसंगातूनच उगवतात. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही नीरा गाते. दाते आणि भोळे हे दोघेही ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेशी संबंधित होते. तिने सन १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक करून मराठी रंगभूमीवर वास्तवाचा नवा आग्रह धरला होता. तोच आग्रह ‘कुंकू’त दिसतो. त्याचा परिणाम शेवटावर झाला आहे. पार्श्वसंगीत प्रेक्षकास येथे रडावे, येथे समाधान मानावे, असे कानांत सांगत असते. ते येथे नसल्याने काकासाहेबांच्या मृत्यूचे काय करावयाचे, हे प्रेक्षकास स्वतःच ठरवावे लागते.

या चित्रपटाची तीन नावे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक मौज ध्यानात येते. ‘न पटणारी गोष्ट’ हे नाव न्यायबुद्धीचे आहे. ‘दुनिया न माने’ हे नाव लोकापवादाचे आहे. ‘कुंकू’ हे नाव मात्र कोणताच निवाडा देत नाही. ते केवळ एका चिन्हाकडे बोट दाखविते. कपाळावर कुंकू आहे म्हणून स्त्री सौभाग्यवती ठरते काय? ते पुसले म्हणून ती दुर्दैवी ठरते काय? आपल्या भाषेने तर पतीला ‘कुंकवाचा धनी’ असे म्हणून ठेवले आहे. ज्या भाषेत नातेच मालकीच्या शब्दाने बांधलेले आहे, त्या भाषेत नीरेच्या मुक्ततेला शब्द सापडू नये, यात नवल काय?

हळ्ळीखेड (बी), हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील आम्हां मराठी वाचकांस या नावाचा आणखी एक पैलू दिसतो. येथे कुंकू आणि कन्नड ‘कुंकुम’ हे शब्द एकाच अंगणात वावरतात. मराठीत जिला सवाष्ण म्हणतात तिला कन्नडमध्ये ‘मुत्तैदे’ म्हणतात, आणि दोन्ही शब्दांच्या सावलीत विधवेचे दुःख सारखेच असते. भाषा बदलली तरी चिन्ह बदलत नाही. सन १९४७ मध्ये मुंबई प्रांताचा घटस्फोटाचा कायदा झाला तेव्हा बीदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तो कायदा येथे लागू नव्हता. म्हणजे पुण्याच्या नीरेस जे उत्तर दहा वर्षांनी मिळाले, ते या भूमीवरील नीरेस तेव्हाही मिळाले नाही. सन १९५६ मध्ये हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले, तेव्हा देशाचा विवाहकायदा नुकताच झाला होता.

कन्नड साहित्याशी परिचित असलेल्या आमच्या शिक्षकमित्रांस येथे यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) ही कादंबरी आठवेल. सन १९७० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. प्राणेशाचार्य परत निघतात, पण परतून काय करतील हे लेखक सांगत नाही. दोन्ही शेवट अपुरे वाटतात. तथापि त्यांत भेद आहे. ‘संस्कार’मधील अनिश्चितता नायकाच्या अंतःकरणातील आहे : त्याने निवड करावयाची आहे आणि तो ती करू शकतो. ‘कुंकू’मधील अनिश्चितता समाजाच्या अंतःकरणातील आहे. नीरेने केव्हाच निवड केलेली आहे. ती निवड स्वीकारावयाची की नाही, हे समाजाने ठरवावयाचे आहे.

चित्रपटाला त्या काळी उदंड लोकाश्रय लाभला आणि जाणकारांनीही त्याची वाखाणणी केली. पुढे भारतीय चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याला मानाचे स्थान दिले. स्त्रीच्या दृष्टीने साहित्य वाचण्याची प्रथा रुजल्यानंतर शेवटाविषयीचा आक्षेप अधिक धारदार झाला. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. परंतु त्याचा रोख आम्ही थोडा वळवू इच्छितो. शांताराम व आपटे यांनी नीरेला न्याय दिला नाही असे म्हणण्यापेक्षा, तिला न्याय देता येईल असे दारच त्या घरात नव्हते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. सन १९३७ मध्येच डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेस पतीच्या संपत्तीत वाटा देणारा कायदा झाला. परंतु १८५६ च्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करताच विधवेचा पतीच्या संपत्तीवरील हक्क संपत असे. काकासाहेबांचे पत्र नीरेस ज्या विवाहाची मोकळीक देते, त्याच विवाहाने तिच्या डोक्यावरचे छप्पर जाण्याचा धोका होता. पत्रातील औदार्य आणि कायद्यातील कृपणता यांचा हा विरोध प्रेक्षकाच्या नजरेस सहसा येत नाही.

म्हणून ‘कुंकू’ वर्गात शिकवावयाचा झाल्यास ‘शेवट योग्य की अयोग्य’ हा प्रश्न विद्यार्थ्यांस घालू नये. काकासाहेब जिवंत राहिले असते तर नीरेला कोणते दार उघडे होते, हा प्रश्न घालावा. आणि मुलांनी त्याचे उत्तर १८५६, १८८७, १९४७ व १९५५ या वर्षांच्या साहाय्याने शोधावे. मग त्यांच्या ध्यानात येईल की ‘यमुनापर्यटना’पासून आपल्या लेखकांनी स्त्रीच्या सुटकेसाठी धर्मांतर, गोत्र, मृत्यू असे आडमार्ग का शोधले. सरळ रस्ता बांधलेला नव्हता, हेच त्याचे कारण होय. तो रस्ता कायद्याने बांधून आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यावरून चालणाऱ्या स्त्रीकडे तिचे घर, तिचा गाव आणि तिची भाषा कोणत्या नजरेने पाहतात, एवढे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही. आणि ‘कुंकू’चा शेवट अद्याप तेवढ्यापुरता अपुरा आहे.