तेलुगू काव्य आणि आपला शेजार



आपले सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा येथे एकाच रस्त्यावर कानी पडतात. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली. माग आणि गिरणीच्या ओढीने तेलंगणातील पद्मशाली विणकरांची कुटुंबे येऊन शहराच्या पूर्व भागात स्थायिक झाली. या शेजाऱ्यांशी आपला रोजचा व्यवहार आहे. परंतु त्यांच्या भाषेला सुमारे एक हजार वर्षांची काव्यपरंपरा आहे आणि तिच्या जडणघडणीत मुसलमानांचाही वाटा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तेलुगूचा आदिकवी नन्नय. अकराव्या शतकात राजमहेंद्रीच्या राजराज नरेंद्राच्या दरबारी त्याने महाभारत तेलुगूत आणण्यास प्रारंभ केला. तेराव्या शतकात तिक्कनाने विराटपर्वापासून पुढची पंधरा पर्वे रचली आणि मध्ये अपुरे राहिलेले वनपर्व चौदाव्या शतकात एर्रनाने पूर्ण केले. या तिघांना ‘कवित्रय’ म्हणतात. पाल्कुरिकी सोमनाथाने बसवेश्वरांचे चरित्र द्विपद या देशी छंदात, सामान्य जनांना कळेल अशा तेलुगूत गायिले. सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत हेही सांगितले पाहिजे की, भीमकवीचे कानडी बसवपुराण (१३६९) याच तेलुगू ग्रंथाच्या आधारे रचले गेले. पुढे पोतनाचे भागवत घरोघर पोहोचले आणि वेमनाची छोटी, रोखठोक पद्ये तर लोकांच्या तोंडी म्हणींसारखी रुळली.

आता गोवळकोंड्याकडे वळू. इब्राहिम कुतुबशाह तरुणपणी सुमारे सात वर्षे विजयनगरात रामरायाच्या आश्रयाला होता. तेथे त्याला तेलुगूची गोडी लागली. १५५० ते १५८० या आपल्या कारकिर्दीत त्याने तेलुगू कवींना उदार आश्रय दिला. कवींनीही त्याचे नाव आपल्या वळणावर नेऊन त्याला ‘मलकिभराम’ केले! अद्दंकी गंगाधर कवीने आपले ‘तपतीसंवरणोपाख्यान’ त्याला अर्पण केले. त्याचा सरदार अमीनखान याला पोन्नगंटी तेलगनार्याने ‘ययातिचरित्र’ अर्पण केले. संस्कृत शब्द टाळून निव्वळ ठेठ तेलुगूत, म्हणजे ‘अच्च तेलुगू’त, रचलेले हे पहिले काव्य मानले जाते. शुद्ध तेलुगूतील पहिले काव्य एका मुसलमान सरदाराला अर्पण व्हावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

असेच मराठी माणसाचेही आहे. तंजावरचा शहाजी राजा (१६८४–१७१२) हा शिवछत्रपतींचा पुतण्या. या मराठी राजाने स्वतः तेलुगूत नाट्यकाव्ये लिहिली. त्याच तंजावरच्या भूमीत पुढे त्यागराजांची (१७६७–१८४७) तेलुगू कीर्तने जन्मास आली.

अर्वाचीन काळातही ही देवघेव थांबली नाही. पिठापुरमचे उमर अलीशा (१८८५–१९४५) यांनी तेलुगूत विपुल लेखन केले आणि उमर खय्यामच्या रुबायाही त्या भाषेत आणल्या. दाशरथी कृष्णमाचार्य निजामाच्या राजवटीविरुद्ध लढले, त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. पण उर्दूशी त्यांनी वैर धरले नाही. उलट गालिबच्या गझला त्यांनीच तेलुगूत नेल्या. राजवट वेगळी आणि भाषा वेगळी, हा विवेक त्यांच्यापाशी होता. सी. नारायण रेड्डी (१९३१–२०१७) यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्यांना १९८८ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तो मात्र तेलुगू काव्यासाठी!

पालकहो, ‘उर्दू शिकला तर मूल मागे पडेल’, ‘इतक्या भाषांचे ओझे मुलाला कसे पेलेल?’ अशी चिंता आपण वारंवार बोलून दाखवता. वरील उदाहरणे तिचे उत्तर देतात. घरची भाषा पक्की असली म्हणजे दुसरी भाषा ओझे होत नाही; आणि कोणतीही भाषा एका धर्माच्या मालकीची नसते. मित्रहो, यंदाच्या सुट्टीत शेजारच्या तेलुगू मित्राकडून त्याची अक्षरे शिका. त्याच्या आजीला वेमनाची पद्ये येत असतील, तर अर्थासह ऐका आणि आपल्या घरचा एखादा शेर त्यांना ऐकवा. आपल्या शहराने शाळेच्या फीशिवाय देऊ केलेले हे शिक्षण आहे. ते वाया जाऊ देऊ नका.