आचार्य श्रीमन्नारायण आणि वाणिज्याची विद्या

आंबागडचा किल्ला भंडारा जिल्ह्याच्या ज्या भागांत उभा आहे, तेथें दोन प्रकारचे उद्योग जवळजवळ नांदतात. एकीकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. दुसरीकडे मोहाडीच्या बाजूस आंधळगांवच्या कोष्ट्यांचे माग. श्रोतेहो, वाणिज्याची विद्या यांपैकीं कोणासाठीं शिकवावयाची? वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांचें चरित्र ह्या प्रश्नाभोंवतीं फिरतें.

त्यांचा जन्म 1912 सालीं संयुक्त प्रांतांतील इटावा येथें झाला. वर्ध्यास येऊन ते गांधीजींच्या व जमनालाल बजाजांच्या सहवासांत रमले व पुढें जमनालालजींचे जांवई झाले.  1940 सालीं शिक्षा मंडळानें गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय काढलें व त्याची धुरा ह्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाकडे आली.

उच्च शिक्षण मातृभाषेंतूनच मिळालें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आणि वाणिज्याच्या बाबतींत तर तो विशेष रास्त म्हटला पाहिजे. ज्या दुकानदाराची रोजकीर्द व खातेंवही देशी भाषेंत लिहिली जाते, त्याच्या मुलानें जमाखर्चाचें शास्त्र मात्र परभाषेंत घोकावें, यांत कसलें शहाणपण?

1944 सालीं टाटा, बिर्ला प्रभृति उद्योगपतींनीं ‘मुंबई योजना’ मांडली : पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये. त्याच वर्षीं आमच्या प्राचार्यांनीं आपली ‘गांधी योजना’ पुढें केली : दहा वर्षांत साडेतीन हजार कोटी. तिला प्रस्तावना खुद्द गांधीजींची. तिचें सूत्र असें कीं, खाणी, वीज व अवजड यंत्रें हीं सरकारच्या मालकीचीं असावींत. परंतु अन्न आणि वस्त्र हें खेड्यानें आपल्याच हातांनीं निर्माण करावें.

पुढें ते 1952 सालीं वर्ध्याहून लोकसभेवर गेले, 1958 पासून 1964 पर्यंत नियोजन मंडळाचे सभासद होते, मग नेपाळांत राजदूत व गुजराथेंत राज्यपाल झाले. 1978 सालीं त्यांचें निधन झालें. अधिकार मिळाला, तरी राष्ट्राच्या योजनांचा ओघ अवजड कारखान्यांकडेच राहिला.

त्या सूत्रावर आमचा मुलूख ताडून पाहावा. मँगनीजच्या खाणी 1962 सालीं सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आल्या व 1977 सालीं ती भागीदारी पूर्ण मालकी झाली. तें कांहीं त्या पुस्तकाचें फळ नव्हे. पण योजनेंतील हा भाग काळानें खरा केला. मागाचा भाग मात्र अपुरा राहिला. खाणीला राज्यसत्ता आपण होऊन धनी मिळवून देते. मागाला गिऱ्हाईक कोणीतरी मिळवून द्यावें लागतें. तें मिळवून देणारा पदवीधर घडविणें, हेंच वाणिज्याच्या विद्येचें खरें काम. आणि वर्ध्याच्या त्या आचार्यांचें ऋण अजून त्याच खात्यांत बाकी आहे.